एफक्लोजचं उत्तर कोण ऐकतं?

वाद एका ओळीवरून सुरू झाला, आणि ती ओळ प्रोग्रामात नव्हतीच.

लिंबागणेशला एका घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलेला आहे. नरसाळ्यातून पाणी एका छोट्या डोलत्या वाटीत उतरतं. ०.२ मिलिमीटर पावसाइतकं पाणी साठलं की वाटी कलंडते, चुंबकी स्विच एकदा लागतो आणि खालच्या खोलीतला तळहाताएवढा लिनक्सचा बोर्ड फाईलमध्ये एक ओळ लिहितो : तारीख, वेळ, ०.२. सोबत सौर पॅनेल, बॅटरी आणि मेमरी कार्ड. ज्यांनी हे उभं केलं ते मामा बीडला पदविकेच्या मुलांना सी शिकवतात. टर्बो सीच्या निळ्या पडद्यापासून ते हेच शिकवत आलेत. भाची पुण्यात वीजमीटरमध्ये चालणारे प्रोग्राम लिहिते, तेही सीमध्येच. चतुर्थीला भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला म्हणून ती आली आणि संध्याकाळी मामांचा प्रोग्राम वाचत बसली.

हा पर्जन्यमापक सरकारी नाही. त्याच्या आकड्यावर कुणाला एक रुपया मिळत नाही. पण लिंबागणेश हे स्वतः महसूल मंडळ आहे, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर तो अतिवृष्टीत धरतात, हे इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. म्हणून गच्चीवरच्या या आकड्याकडेही गावातली माणसं मन लावून बघतात. दोघांचं बोलणं मी ऐकलं, ते इथे देतो आहे. मला जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

भाची : मामा, प्रोग्राम वाचला. एफओपन आहे, एफप्रिंटएफ आहे. एफक्लोज कुठंय?

मामा : लागत नाही. प्रोग्राम संपला की उघड्या राहिलेल्या सगळ्या फाईली आपोआप बंद होतात. मी मनचं सांगायलो नाही. कर्निहॅन आणि रिचीच्या पुस्तकातसुद्धा आहे की प्रोग्राम नीट संपला तर प्रत्येक उघड्या फाईलसाठी एफक्लोज आपसूक होतो.

भाची : नीट संपला तर. तुमचा प्रोग्राम संपतो कुठं? सगळं व्हाइल वनच्या आत आहे.

मामा : मग तर आणखी बरं. जो प्रोग्राम संपतच नाही त्याच्या तळाला एफक्लोज लिहिली, तर ती ओळ कधी चालणारच नाही. न चालणारी ओळ लिहून काय मिळवायचं?

भाची : मग तो थांबतो कसा ते सांगा. बॅटरी संपली की थांबतो. अंगातलं सगळं टाकून, एकदम. त्याला ‘नीट संपला’ कोण म्हणेल?

मामा : थांबला तर थांबला. तोवरच्या ओळी फाईलमध्ये गेलेल्या असतात.

भाची : तिथंच तर अडलंय. गेलेल्या नसतात.

इथून पुढची दहा मिनिटं भाचीनं वहीवर हिशेब केला. तो पूर्ण द्यायलाच हवा, कारण सगळ्या वादाचा कणा तोच आहे. एफप्रिंटएफ फाईलमध्ये लिहीत नाही, आधी मेमरीतल्या बफरमध्ये लिहितं. लिनक्सवर साध्या फाईलसाठी हा बफर बहुधा ४०९६ बाइटांचा असतो. तो भरला, किंवा कुणी रिकामा करायला सांगितलं, किंवा फाईल बंद केली, तरच त्यातला मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. मामांची एक ओळ शेवटच्या नवीन-ओळीच्या खुणेसकट २१ बाइटांची. ४०९६ भागिले २१ म्हणजे १९५ ओळी. प्रत्येक ओळ ०.२ मिलिमीटरची. म्हणजे एका बफरात ३९ मिलिमीटर पाऊस मावतो.

भाची : आता धरा, एका रात्री ७० मिलिमीटर पाऊस पडला. ३५० ओळी झाल्या. पहिल्या १९५ बफर भरल्यावर पुढं गेल्या, उरलेल्या १५५ मेमरीतच. पहाटे बॅटरी बसली. सकाळी तुम्ही कार्ड काढून बघाल तर फाईलमध्ये पाऊस किती? ३९. पडला ७०, लिहिला गेला ३९. एक अतिवृष्टीच्या रेघेवर, दुसरा कितीतरी खाली.

मामा : बॅटरी बरोबर त्याच पहाटे बसेल, हे तू आपल्या सोयीनं धरायलीस.

भाची : सोयीनं नाही मामा. बॅटरी कधी बसते? चार दिवस आभाळ भरलेलं असलं आणि पॅनेलला ऊन मिळालं नाही की बसते. चार दिवस आभाळ कधी भरतं?

यावर मामा काही बोलले नाहीत. मला स्वतःला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. यंत्र बंद पडण्याची वेळ आणि ज्या नोंदीसाठी यंत्र बसवलं ती नोंद होण्याची वेळ या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नसतात, एकाच ढगाखाली येतात. डिस्क भरते तीही जास्त लिहिण्याच्या दिवशीच. आणखी एक गोष्ट भाचीनं जाता जाता सांगितली. परतीच्या पावसाचे ऑक्टोबरातले शेवटचे काही मिलिमीटर बफर न भरल्यामुळे मेमरीतच बसून राहतील, ते फाईलमध्ये जातील पुढच्या जूनमध्ये, तोवर बोर्ड एकदाही बंद पडला नाही तर.

मामा : बरं. मानलं. पण यात एफक्लोजचा काय संबंध? तू सांगायलीस ते एफफ्लशचं काम आहे. प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश टाकतो, संपला विषय. आणि तुला आणखी एक सांगतो. एफक्लोज केलं म्हणजे मजकूर कार्डावर गेला असंही नाही. तो कर्नलच्या कॅशमध्ये जातो. तिथून कार्डावर उतरायला लिनक्स अर्धं मिनिटसुद्धा लावतं. तेवढ्यात वीज गेली तर तुझं एफक्लोजही गेलं आणि ओळही गेली. पक्कं हवं असेल तर एफसिंक करावं लागतं, आणि एफसिंक तर सी भाषेत नाहीच, ते पॉझिक्सचं. मग एफक्लोजला एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं?

भाची : हे तुमचं खरं आहे.

आणि ते खरंच आहे. ‘फाईल बंद केली, आता डेटा सुरक्षित’ असं पुष्कळ जण समजून चालतात, वर्गातही तसंच सांगितलं जातं. एफक्लोज बफर रिकामा करतं, स्ट्रीमची जागा मोकळी करतं, सिस्टीमला डिस्क्रिप्टर परत देतं. वीज गेल्यावरही मजकूर टिकेल, असं वचन ते देत नाही.

मामा : आणि प्रत्येक टिपेला एफसिंक करायचं म्हटलं तर कार्ड झिजतं. फ्लॅश मेमरी आहे ती.

भाची : किती झिजेल? आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. भागिले ०.२ म्हणजे ३२५०. वर्षभरात सव्वातीन हजार वेळा एफसिंक. मोबाइलच्या कार्डावर एवढं लिखाण किती लवकर होत असेल, तुम्हीच सांगा. चेरापुंजीला पर्जन्यमापक बसवला असता तर बसून विचार केला असता.

मामा : हं. टाकू एफसिंक.

भाची : आता एफक्लोजकडं या. एकच फाईल वर्षभर चालवायलात तोवर ठीक. पण तुम्हीच म्हणालात, पुढच्या पावसाळ्यापासून रोजची वेगळी फाईल करायची.

मामा : हो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तसंच करायचं. साडेआठला नवी फाईल उघडायची.

भाची : आणि जुनी?

मामा : जुनी राहील तशीच.

भाची : लिनक्स एका प्रोग्रामाला साधारणपणे १०२४ डिस्क्रिप्टर देतं. तीन तर आधीच उघडे असतात. उरले १०२१. रोज एक उघडायची आणि बंद करायची नाही, म्हणजे पावणेतीन वर्षांनी एका सकाळी एफओपन नल देईल. तुम्ही नल तपासत नाही, त्यामुळं पुढच्याच एफप्रिंटएफला प्रोग्राम कोसळेल. पावणेतीन वर्षांपूर्वी काय लिहायचं राहिलं होतं, ते तेव्हा कुणाला आठवणार?

मामा हसले. हा हिशेब त्यांना नवा नव्हता, उलट त्यांच्याच काळातला होता. डॉसमध्ये एका प्रोग्रामाला वीस हँडल मिळायची आणि त्यातली पाच सुरुवातीलाच वापरलेली असायची. सीच्या मानकानं तर एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाईलींची हमी आठांचीच दिली आहे, आणि त्या आठांत तीन प्रमाणित स्ट्रीम धरलेल्या आहेत. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर वाढलेल्या पिढीनं फाईल बंद करायची सवय लावून घेतली ती या टंचाईच्या दिवसांत. मामांचं म्हणणं असं की टंचाई गेली, तशी सवयीची निकडही गेली.

मामा : पावणेतीन वर्षांची गोष्ट सोड. दर उन्हाळ्यात मी बोर्ड उतरवून साफ करतो. तेव्हा प्रोग्राम नव्यानंच सुरू होतो.

भाची : एफफ्लश विसरला असता तर याहून वाईट झालं असतं. पावसाचे बहुतेक दिवस ३९ मिलिमीटरच्या आतले असतात. बंद न केलेल्या रोजच्या फाईलीचा बफर भरलाच नसता. फोल्डरात तारखेवार फाईली रांगेत दिसल्या असत्या आणि प्रत्येकीचा आकार शून्य.

मामा : पण आता एफफ्लश आहे. एफसिंक आहे. वर्षातून एकदा प्रोग्राम नवा होतो. आता सांग, एफक्लोज न लिहिल्यानं माझं काय बिघडलं?

मामांनी भाचीला इथे खरंच कोंडीत पकडलं होतं. नेहमीचे दोन्ही मुद्दे, बफर आणि डिस्क्रिप्टर, संपले होते. भाचीनं लॅपटॉप जवळ ओढला.

भाची : तुमच्या बोर्डावर एक प्रयोग करू. लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरात फुल नावाची एक फाईल असते. कायम भरलेली. तिच्यात काहीही लिहा, जागा नाही असंच उत्तर येतं. तुमचा पाऊस तिच्यात लिहू. एकच ओळ. एफफ्लश काढून टाकते, तुमचा मूळचा प्रोग्राम. एफप्रिंटएफ काय परत देतं ते छापू.

पडद्यावर २१ आलं.

मामा : एकवीस अक्षरं लिहिली.

भाची : भरलेल्या फाईलमध्ये एकवीस अक्षरं लिहिली, असं ते म्हणतंय. कारण त्यानं बफरमध्ये लिहिली. आता प्रोग्राम संपू द्या, एफक्लोज न लिहिता. संपताना सिस्टीमला काय सांगितलं बघा. शून्य. म्हणजे सगळं व्यवस्थित. आता शेवटी एफक्लोज लिहिते आणि त्याचं उत्तर छापते.

पडद्यावर उणे एक आलं, म्हणजे ईओएफ, आणि खाली कारण : डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

भाची : तुम्ही म्हणालात, प्रोग्राम संपताना फाईल आपोआप बंद होते. होते. बफरही आपोआप रिकामा करायचा प्रयत्न होतो. पण तो प्रयत्न फसला, तर ते ऐकायला कोण उरतं? तुमचं मेन संपलेलं असतं. उत्तर येतं आणि घेणारा नसतो.

मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि भाचीनं ते माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. एफक्लोज हे उरकून टाकायचं काम म्हणून शिकवलं जातं, जणू सिस्टीमची वस्तू सिस्टीमला परत देणं. पण त्याची खरी किंमत त्याच्या उत्तरात आहे. लिहिलेलं पोचलं की नाही, हे त्या स्ट्रीमकडून कळण्याची ती अखेरची संधी असते. एफक्लोज लिहून त्याचं उत्तर न बघणारा प्रोग्राम आणि एफक्लोज न लिहिणारा प्रोग्राम, या बाबतीत दोघंही सारखेच बहिरे. आपण सगळ्यांनी शिकलेला पहिला प्रोग्राम, ‘हॅलो वर्ल्ड’ छापणारा, तोसुद्धा त्या भरलेल्या फाईलकडे वळवला तर काहीही न छापता यशाचा शून्य परत देतो. ग्नूच्या कोअरयुटिल्समध्ये याची काळजी घेतलेली आहे. तारीख सांगणारी डेट ही साधी कमांड त्याच फाईलकडे वळवून बघा. ती बाहेर पडताना आपला आउटपुट स्वतः बंद करते, उत्तर तपासते, चूक सांगते आणि अपयशाचा कोड देऊन थांबते. तारीख छापण्यासाठी जर कुणी एवढं केलं असेल, तर पावसाच्या नोंदीसाठी ते जास्त वाटायचं कारण नाही.

मामा मात्र शिक्षक. त्यांनी लगेच भोक शोधलं.

मामा : तुझ्या एफक्लोजचं उत्तरही अर्धंच आहे. समज, दुपारी कार्ड भरलं होतं. तेव्हा एक बफर फेकला गेला आणि स्ट्रीमवर चूक झाल्याची खूण राहिली. मग मी जुन्या फाईली उडवून जागा केली. संध्याकाळी उरलेल्या ओळी व्यवस्थित गेल्या. एफक्लोज शून्य देऊ शकतं. दुपारचा पाऊस गेला तो गेलाच.

भाची : म्हणून बंद करायच्या आधी एफएरर विचारायचं. दोन्ही बघायचे.

मामा : बरं, बघितले. एफक्लोज फसलं. आता काय करणार? स्ट्रीम तर गेली. मानकात स्पष्ट आहे, यश येवो न येवो, एफक्लोजनंतर तो पॉइंटर वापरायचा नाही. पुन्हा एफक्लोज केलं तर दुसराच घोळ. एकदा मुक्त केलेली मेमरी परत मुक्त करायला जाशील आणि प्रोग्राम कोसळेल. फ्रीला नल दिला तर चालतं, एफक्लोजला नल दिला तर चालत नाही. माझी निम्मी मुलं याच्यातच मरतात : फाईल उघडली नाही, तरी शेवटी एफक्लोज आहेच. बंद करा, बंद करा म्हणून घोकून घेतल्याचा हा परिणाम आहे.

मामांच्या या बोलण्यात तथ्य आहे. उघडलंच नाही ते बंद करणं आणि एकदा बंद केलं ते परत बंद करणं, या दोन्ही चुका अतिकाळजीतून होतात. नियम पाठ असतो, पण त्यामागचं कारण माहीत नसतं.

भाची : स्ट्रीम गेली तरी आकडा गेलेला नाही ना. दिवसाची बेरीज प्रोग्रामाकडं आहे. म्हणून जुनी फाईल मोडून तिच्यावर नवी लिहायचीच नाही. महिन्याच्या गोषवाऱ्याची फाईल तुम्ही रोज नव्यानं लिहिता. ती तात्पुरत्या नावानं लिहा, एफफ्लश, एफसिंक, एफक्लोज, तिन्हींची उत्तरं तपासा. सगळी चांगली आली तरच रीनेम करून जुन्याच्या जागी आणा. एक जरी वाईट आलं, तरी कालची फाईल शाबूत आहे.

मामा : आणि एफसिंक न करता नुसतं रीनेम केलं तर?

भाची : २००९ साली तेच झालं होतं. एक्स्टफोर नवी होती. मजकूर डिस्कवर उशिरा उतरवायची, नाव मात्र लवकर बदलायची. मशिन अचानक बंद पडलं की लोकांच्या सेटिंगच्या फाईली शून्य बाइटांच्या होऊन बसायच्या. प्रोग्राम लिहिणारे म्हणायचे फाईल सिस्टीम चुकली, फाईल सिस्टीमवाले म्हणायचे तुम्ही एफसिंक केलं नाही. शेवटी कर्नलमध्ये अशा रीनेमसाठी खास तजवीज केली. पण ती आहे म्हणून भरवशावर राहायचं नाही.

मामा : आणि उत्तर वाईट आलं तर सांगायचं कुणाला? रात्री दोन वाजता गच्चीखालच्या खोलीत पडद्यासमोर कोण बसलंय?

हा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटला. चूक पकडता येते, पण पकडलेली चूक पोचवायची कुठे? कार्ड भरलं असेल तर चुकीची नोंदही त्याच कार्डावर लिहून उपयोग नाही. दोघं यावर बराच वेळ बोलले. भाचीचं म्हणणं मोबाइलवर संदेश. मामांचं म्हणणं, मांजरसुंब्याकडं वीज कडाडायला लागली की इथं रेंज जाते, संदेशावर विसंबता येणार नाही. शेवटी खोलीच्या दारावर एक लाल दिवा लावायचं ठरलं. एफक्लोज किंवा एफसिंक फसलं की दिवा लागेल, आणि माणसानं येऊन बटण दाबल्याशिवाय विझणार नाही. बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डाला हा भार थोडा जास्त, पण मामांनी तो मान्य केला.

भाची : अजून एक विचारते. परीक्षेत मुलानं एफक्लोज लिहिलं नाही तर तुम्ही मार्क कापता की नाही?

मामा : अर्धा कापतो. आदर्श उत्तरात ती ओळ असते.

भाची : आणि लिहिलं, पण त्याचं उत्तर तपासलं नाही तर?

मामा : त्याचे नाही कापत. आदर्श उत्तरातही कुठं तपासलेलं असतं?

भाची : म्हणजे तुमच्या मते जी ओळ लागतच नाही, ती नाही म्हणून मार्क कापता. आणि तिचा जो खरा उपयोग, तो कुणालाच विचारत नाही.

मामा थोडा वेळ वहीवरचे आकडे बघत राहिले. मग म्हणाले, थिअरीच्या पेपरात मला काही बदलता येणार नाही, पण प्रॅक्टिकल माझ्या हातात आहे. पुढच्या सत्रात फाईलच्या प्रयोगाला प्रत्येकाचा प्रोग्राम एकदा त्या भरलेल्या फाईलवर चालवून बघायचा, आणि ‘यश’ म्हणून संपला तर तो परत लिहायला लावायचा.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. बोर्ड सुरू होताना प्रोग्राम एक सेटिंगची फाईल वाचतो : वाटीचं माप, बोर्डाचं घड्याळ किती पुढे-मागे आहे, एवढंच. ती फक्त वाचायला उघडलेली असते, बफरमध्ये काही लिहायचं बाकी राहत नाही, आणि संपूर्ण प्रोग्रामात ती एकदाच उघडते. तिला एफक्लोज लावायला मामांनी साफ नकार दिला. भाचीनं दोनदा सांगून पाहिलं. म्हणाली, उद्या तुम्हीच घड्याळाचा फरक तासातासाला वाचायचं ठरवाल आणि तेव्हा ती ओळ नसेल. मामा म्हणाले, तेव्हा लिहीन.